चाँदभाई, तुझी उशी उसवली

चाँदभाई, बातमी मोठी आहे, म्हणून रडणंबिडणं नंतर. तुझा सिनेमा आला. चपलांचा प्रसंग ठेवलाय, अख्खा ठेवलाय, एक सेकंदही कापलेला नाही. आणि तो भाभींनी पाहिला. पाहून त्या जे बोलल्या ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही, आणि तू तर एकवीस दिवसांपूर्वी निघून गेलास. आयुष्यभर दुकान उघडायला उशीर करणाऱ्या माणसाने नेमकी इथे घाई केली.

म्हणून लिहितो आहे. तुला वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. तू होतास तेव्हाही मीच वाचून दाखवायचो. फरक एवढाच, की आता तू मध्येच "पुढं चल बे, पुस्तक्या" म्हणणार नाहीस. तर सगळं क्रमाने सांगतो. तुला ठाऊक असलेलंही सांगतो, कारण या गोष्टीत नंतर काय होणार आहे हे कळलं, की आधीचं सगळं वेगळं दिसतं. मला दिसलं.

तेहतीस वर्षं मी आपल्या कडा गावच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे आणि समोर तुझं गाद्यांचं दुकान होतं. वाचनालयात माणसं कमी आणि तुझ्याकडे कापूस जास्त, त्यामुळे दुपारी मी तुझ्याकडेच असायचो. साऱ्या गावाला मऊ उशा भरून देणारा तू, आणि स्वतः घरी दगडासारख्या कडक उशीवर झोपायचास. मानेचं दुखणं आहे, औरंगाबादच्या हकिमाने सांगितलंय, असं तू म्हणायचास. गावाने ते इतकं मनावर घेतलं, की एका माजी सरपंचांनी तुझ्या मागे लागून तशीच कडक उशी भरून घेतली आणि आठ दिवस मान वाकडी करून हिंडले. लोकांना वाटलं, साहेब नाराज आहेत.

रेवतीताई आली तीही मान धरूनच. पुण्याची मुलगी. तिला सिनेमा करायचा होता: आपल्याकडचं एक कुटुंब ऊसतोडीहून गावी न परतता पुण्यात जातं आणि उड्डाणपुलाखाली खांबाला टेकून राहू लागतं, त्याची गोष्ट. इकडची बोली ऐकायला ती गावोगाव फिरत होती, गाडीत मान आखडली, म्हणून उशी घ्यायला तुझ्याकडे शिरली. तू तिला उशी दिलीच नाहीस. "मोबाइल बघत झोपती तू. त्याला माझा कापूस काय करल?" म्हणालास. ती अर्धा तास तुझं बोलणं ऐकत बसली आणि उठताना म्हणाली, "चाचा, माझ्या सिनेमात काम करता का?" पुलाखाली आधीपासून राहणाऱ्या म्हाताऱ्याचं काम होतं.

"मला पाठ व्हत न्हाई," तू म्हणालास. मग माझ्याकडे बोट दाखवलंस. "ह्याला संगं घ्या. ह्याला दुसरं काम न्हाई."

अशा रीतीने मी चित्रपटसृष्टीत आलो.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. मी म्हणालो, हे गरिबीचे सिनेमे गार हवेच्या थेटरात बसलेल्यांसाठी असतात. दोन तास हळहळतात, बाहेर येऊन आइस्क्रीम खातात. तू कापसातून हात न काढता म्हणालास, "मग काय गरिबानं तिकीट काढून गरिबी बघावी? त्याला ती घरबसल्या मिळती." मी म्हणालो, तेच तर म्हणतोय, उपयोग काय? "जो कवाच फरशीवर झोपला न्हाई, त्यानं दोन घंटे झोपावं की. गादीवर बसून का व्हईना." यावर मी चहा मागवला. पुस्तकं वाचलेली माणसं हरली की चहा मागवतात.

पुण्यात पुलाखाली पहिल्या दिवशी साहित्य मांडणाऱ्या पोरांनी तुझं अंथरूण तयार ठेवलं होतं. नवी गोधडी चहाच्या पाण्यात बुचकळून, काजळी फासून, बरीच मेहनत घेतलेली. तू ती उचललीस, उलटीपालटी केलीस, नाकाला लावलीस.

"ही सगळीकडं सारखीच घाण हाय," तू म्हणालास. "अशी नसती. उशाकडं तेलकट काळी, मधी घामाची, आन् पायाकडं जवळपास कोरी."

"पायाकडे कोरी कशी, चाचा?" रेवतीताईने विचारलं.

"थंडी असती, ताई. माणूस पाय पोटाशी घेतो. तितवर पोचतो कुठं?"

मला वाटलं, गादीवाला आहे, अंथरुणावर माणूस कसा पडतो हे त्याला कळणारच. मी तर अभिमानाने आजूबाजूला पाहिलं. मला काही कळलं नव्हतं, चाँदभाई.

मग ते वाक्य. रात्री आडवा होताना म्हाताऱ्याने म्हणायचं होतं, "हे आकाशच आमचं छप्पर." मी तुला ते तीनदा वाचून दाखवलं आणि तिन्ही वेळा तू तोंड वाकडं केलंस. "आसं कोण बोलतंय? पाऊस आल्यावर म्हणतो का छप्पर?" कॅमेरा सुरू झाला. पोरांनी चपला अंथरुणाशेजारी नीट जोडून ठेवल्या होत्या. तू आडवा होता होता थांबलास, चपला उचलल्यास, तळ एकमेकांना लावून डोक्याखाली घेतल्यास, त्यावर पिशवीची घडी ठेवलीस आणि डोकं टेकलंस. आकाश, छप्पर, काही नाही. नुसतं "हां, आता बरं," म्हणालास आणि डोळे मिटलेस.

"चाचा, चपला बाजूला होत्या ना?" ताईने नंतर विचारलं.

"चपला बाजूला काढून झोपतो त्याला घर असतंय, ताई. इथं सकाळी त्या दुसऱ्याच्या पायात दिसत्यात."

त्या पहाटे चार वाजता चहाच्या टपरीवर तू मला सांगितलंस. एकोणिसाव्या वर्षी तू चुलत्याच्या पत्त्यावर पुण्याला गेलास, पत्त्यावर चुलता नव्हता. एका गादीवाल्या शेठकडे काम मिळालं, पण दुकानात झोपायला मनाई. कापूस आहे, कुणी विडी ओढली तर पेटेल. "दिवसभर गाद्या भरायच्या आन् शटर पडलं, की त्याच शटरासमोर फरशीवर. तीन वर्षं. पहिली चपलांची जोडी तिसऱ्याच दिवशी गेली. मग दुसरी डोक्याखाली घेतली."

आणि घरी निरोप काय धाडला होतास? शेठनं खोली दिलीय. खिडकीवाली.

ती खिडकी तलवाड्यापर्यंत पोचली. तिथल्या एका फळवाल्याने "पोराला पुण्यात खोली हाय" एवढ्यावर आपली जुलेखा तुला द्यायची ठरवली. निकाहाआधीच तुझे अब्बा आजारी पडले, तू कड्याला परतलास आणि सांगितलंस, की खोली सोडून आलो. पुढे बेचाळीस वर्षं तू भाभींना त्या नसलेल्या खोलीच्या खिडकीतून काय काय दिसायचं ते सांगत राहिलास: समोरचं चिंचेचं झाड, घड्याळजीची पाटी, पहाटे रस्त्यावर सडा टाकणारी बाई. मीही ऐकलंय ते. तुझ्याकडच्या दावतीत बिर्याणी खाताना त्या चिंचेच्या झाडाला मी दादसुद्धा दिलीय.

"सांगून टाक भाभींना," मी म्हणालो. "सिनेमा आला की त्यांना कळेलच."

"कळंल कावून? म्हणीन, ताईनं शिकवलं."

"अरे पण आता घाबरतोस कशाला?"

"ती म्हणल, फसवून आणलं. तिच्या अब्बानं खोली बघून दिली व्हती तिला. बाईचा राग शिळा होत न्हाई बे."

गावी परतल्यावर तू वाचनालयात येऊन माझ्याकडून शपथ घेतलीस. पुस्तकावर हात ठेव म्हणालास. कोणत्या, विचारलं, तर "सगळ्यात जाडं असंल त्याच्यावर". मी शब्दकोशावर हात ठेवून वचन दिलं, की भाभींना काही सांगणार नाही. त्या कोशाचा आमच्या वाचनालयात झालेला हा पहिला वापर. त्यानंतर वर्षभर मी तुझ्या मागे लागलो होतो, की मी नाही तर तू तरी सांग. तू म्हणायचास, ईद होऊ दे. मग, लेकीचं, नसीमचं बाळंतपण होऊ दे. मग, लग्नसराई आहे, गाद्या पडल्यात. नसीमचं बाळंतपण झालं, लग्नसराईही सरली. आणि एका दुपारी अर्ध्या भरलेल्या गादीवर तू जरासा टेकलास.

मी तुझ्यावर चिडलो होतो, चाँदभाई. मयतीतही चिडलेलो होतो. माझी बायको दीड वर्ष अंथरुणाला खिळली होती, तेव्हा तू दर पंधरा दिवसांनी येऊन तिची गादी उसवायचास, कापूस नव्याने पिंजून भरायचास, पाठीला जखम होऊ नये म्हणून. मी आभार मानायला लागलो, की "चूप बस बे" म्हणायचास. एवढा माणूस, आणि स्वतःच्या बायकोला एक वाक्य सांगायला घाबरला. तुला कब्रस्तानात ठेवून परतताना माझ्या डोक्यात एकच विचार होता: आता हे गुपित एकट्याने सांभाळायचं.

मग सिनेमा आला. मंगल कार्यालयात पडदा लावला, कारण कड्यात थेटर नाही. दाराशी फलक होता. त्यावर एकोणीस पुढाऱ्यांचे चेहरे आणि कोपऱ्यात तू, पासपोर्टच्या मापाचा. वर "हार्दिक अभिनंदन" आणि खाली "भावपूर्ण श्रद्धांजली". मी फलक करणाऱ्याला विचारलं, दोन्ही एकत्र कसं? "काका, जागा उरली होती," तो म्हणाला. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले आणि त्यांनी जाहीर केलं, की बेघरांचा प्रश्न गंभीर आहे, परंतु आपल्या तालुक्यात एकही माणूस बेघर नाही. मागच्या रांगांत दर साल सहा महिने उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोपीत राहणारी माणसं बसली होती. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. सवय आहे.

पण मग दिवे मालवले. "खांब नंबर चौदा" असं सिनेमाचं नाव झळकलं आणि तू आलास.

मी तुला खरं सांगतो, मला तो सिनेमा आवडून घ्यायचा नव्हता. मी वही नेली होती. खोट्या जागा टिपणार होतो, आणि दोन टिपल्याही. पण चपलांचा प्रसंग आला आणि मी वहीसकट उठून उभा राहिलो. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, भर मंगल कार्यालयात. "खाली बसा की ओ!" मागून कुणी ओरडलं. पडद्यावर तू चपला डोक्याखाली घेतल्यास. नातवाला मांडीवर घेतलेली शिरूर कासारची एक बाई शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "बघ, आसंच. आमचे मालक आसंच करत्यात." मला तुझ्या खांद्यावर थाप मारायची होती. हात अर्ध्यावर गेला आणि शेजारच्या कृषी सहायकाला लागला.

संपल्यावर बाहेर दोन जणांच्या चपला गायब होत्या. सिनेमाचा परिणाम लगेच होत नाही म्हणतात ते खरं.

भाभी हॉलमध्ये नव्हत्या. त्यांची इद्दत चालू आहे, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही. मी, लाज वाटते सांगायला, हुश्श केलं. बघणार नाहीत, कळणार नाही, माझा शब्द राहील. आणि दुसऱ्या दिवशी तुझी नसीम वाचनालयात आली.

"अम्मी म्हणते, सिनेमा घरी दाखवा."

तुझ्या मोठ्या बहिणीने दारातच अडवलं, इद्दतीत सिनेमा कुठं बघतात? आतून भाभींचा आवाज आला, "सिनेमा न्हाई बघत, आपा. नवरा बघती." आपांनी दार सोडलं.

रेवतीताई छोटा प्रोजेक्टर घेऊन आली. भाभी आतल्या खोलीत, आम्ही बाहेरच्या. मधल्या चौकटीत पडदा म्हणून तुझ्याच दुकानातली गादीची पांढरी खोळ उसवून टांगली. अंधारासाठी बाहेरची दारं लावली. कापड पातळ, त्यामुळे चित्र दोन्हीकडून दिसत होतं. आम्ही तुला पुढून पाहत होतो, भाभी मागून. त्यांना तुझा डावा हात उजवा दिसला असणार. मला त्या दिसत नव्हत्या, फक्त बांगड्या नसलेल्या हातांची शांतता कळत होती.

चपलांचा प्रसंग जवळ आला. ताईला सांगावं का, थोडं पुढे ढकल? पण तू चपला उचलल्यासच. डोक्याखाली घेतल्यास. "हां, आता बरं."

"थांबव गं," पडद्यामागून आवाज आला.

चित्र थांबलं. तू खोळीवर आडवा, डोळे मिटलेला, आणि तुझ्या मागून भाभी बोलत होत्या.

"ताई, हे चपलांचं तुमी शिकवलं का?"

तुझं ठरलेलं उत्तर मला पाठ होतं. पण ताईने कुठल्याही कोशावर हात ठेवला नव्हता. "नाही, चाची. त्यांनीच केलं. मी तर चपला बाजूला ठेवल्या होत्या."

"भाऊ."

"बोला, भाभी."

"पुण्याला ती खोली व्हती, का न्हवती?"

चाँदभाई, मी शब्द पाळला. खोटं बोललो नाही आणि खरंही बोललो नाही.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "कळलं."

आत पावलं वाजली. कपाट उघडलं. मग तुझ्या त्या जाड कात्रीचा आवाज आला, कापड फाडत जाणारा, दुकानात हजारदा ऐकलेला. नसीम "अम्मी, अब्बाची उशी कावून फाडती?" म्हणून आत धावली. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात बोटभर कापसात गुंडाळलेली एक जोडी होती. रबरी स्लिपर. टाचा झिजून पार पातळ झालेल्या, एका पट्ट्याला तांब्याची तार बांधलेली. दुसरी जोडी. जी तीन वर्षं टिकली.

मी तोंडात मारल्यासारखा बसलो. तेहतीस वर्षांची दोस्ती, पुण्याच्या लॉजवर तू ती उशी बगलेत मारून आलास तेव्हा "गादीवाला उशी घेऊन निघाला" म्हणून केलेली चेष्टा, तो हकीम, ती मान, ते माजी सरपंच! मला वाटत होतं, तुझं गुपित मला ठाऊक आहे. मला त्याचा पत्ता ठाऊक होता, घर ठाऊक नव्हतं.

आणि आता ऐक. यासाठी हे सगळं लिहिलं.

पडद्यामागे भाभी हसायला लागल्या. आधी मला वाटलं रडताहेत. नाही, हसत होत्या, पदर तोंडात धरल्यासारखं.

"अब्बाला खोली पायजे व्हती, भाऊ. मला न्हाई. मी रोज रडायची, पुण्याला नेऊन एका खोलीत कोंडतील म्हणून. मग कळालं, पोरानं खोली सोडली, आता कड्यालाच ऱ्हाणार. तवा कुठं मी कबूल म्हणलं. इतक्या जोरात म्हणलं, का काझीसाब हसले."

मी उभाच राहिलो. पुन्हा. दोन दिवसांत दुसऱ्यांदा.

"आन् हे रोज त्या खिडकीचं सांगायचे. मला वाटायचं, लई जीव व्हता खोलीवर, मी नशिबात आले म्हणून सुटली. मग मी कसं म्हणावं, मला नकोच व्हती ती? गप ऐकायची. चिंचेचं झाड, सडा टाकणारी बाई." त्या थांबल्या. "ते खरं असंल ना, भाऊ? झाड?"

याची शपथ मी घेतली नव्हती. "झाड खरं होतं, भाभी," मी म्हणालो. "सगळं खरं होतं. मध्ये भिंत नव्हती एवढंच."

तर असं आहे, चाँदभाई. बेचाळीस वर्षं तू ज्या गोष्टीला घाबरलास, तिच्याचमुळे तुझं लग्न झालं. भाभींना सांगावं की नाही, हे आपलं भांडण मी जिंकलो. तुझ्या दुकानासमोरून तीनदा गेलो हे सांगायला, तिन्ही वेळा शटर खाली. आयुष्यात एकदा जिंकलो आणि कुणाला चिडवू? आणि ते दुसरं भांडण, गरिबीच्या सिनेमाचा उपयोग काय, ते तू जिंकलास. वहीतल्या दोन खोट्या जागांपैकी एक मी खोडून टाकली. एक ठेवली. ती खरोखर खोटी आहे, तूही मान्य केलं असतंस.

तुझे कपडे वाटून झाले. भाभींनी स्लिपर पुन्हा उशीत घातल्या आणि उशी स्वतः शिवली. टाके वेडेवाकडे आहेत. तू पाहिले असतेस तर उसवून परत घातले असतेस.

आज सकाळी नसीम भेटली. म्हणाली, "अम्मी दोन दिवस मान धरून बसलीय. मी म्हणलं, दुसरी उशी घे, घरात पंचवीस हायत."

"मग?"

"म्हणली, त्यांना हिच्यावरच झोप लागायची. बघू दे मला, कशी लागायची ती."